हवेकडची बाजू

रविवार असला तरी पेशींना भूक लागायची ती लागतेच, म्हणून आत्या सकाळी सकाळी प्रयोगशाळेत येऊन बसली होती. पाठ धरली होती, डोळे चुरचुरत होते आणि आठवड्याची एकुलती एक सुट्टी डोळ्यांदेखत गेली होती. तक्रार करायची तरी कुणाकडे, म्हणून ती मुकाट्याने काम करत होती.

संस्थेत तिच्या नावामागे डॉक्टर लागत असे. घरी मात्र पुतणी जन्मल्यापासून ती सगळ्यांचीच आत्या झाली होती, अगदी स्वतःच्या आईचीसुद्धा. गल्लीतले लोक तिला नळीवाली म्हणत, आणि त्यात चेष्टा कमी, कौतुक जास्त असे. काम होतंच तसं. माणसाची श्वासनलिका प्रयोगशाळेत वाढवता येईल का, हे ती आणि तिचे सहकारी कित्येक वर्षं बघत होते.

इमारत बांधताना परांची लावतात, तशी आधी इथेही एक परांची करावी लागते. केसाहून बारीक धागे विणून अंगठ्याएवढी जाड नळी करायची. बाहेरून तिच्यावर कूर्चेच्या पेशी पेरायच्या, म्हणजे नाकाच्या शेंड्याला असतो तसा लवचिक ताठपणा नळीला येतो. आतून अस्तराच्या पेशी पेरायच्या. पेशींनी आपापली जागा धरली की धागे हळूहळू विरघळतात, आणि शेवटी परांची उतरून इमारत उरते. कागदावर हे इतकं सोपं दिसतं की बघणाऱ्याला वाटावं, ही माणसं एवढी वर्षं करतायत तरी काय. प्रत्यक्षात पेशी रुसतात, मरतात, नको तिथे वाढतात, आणि बुरशी लागली की महिन्यांची मेहनत एका सकाळी कचऱ्यात जाते.

त्यातही अस्तराच्या पेशी फार हट्टी. ज्या गुलाबी पाण्यावर त्या जगतात, त्यात त्यांना पूर्ण बुडवून ठेवलं तर त्या मरत नाहीत. वाढतात, पसरतात, दिसायला चांगल्या गुटगुटीत दिसतात. पण त्यांना लव फुटत नाही. श्वासनलिकेच्या आत जी बारीक लव सतत हलत राहून धूळ आणि कफ वर ढकलते, तिच्याशिवाय ती नळी म्हणजे नुसतं भोक. ती लव यायची तर पेशींना एका अंगाने पाणी आणि दुसऱ्या अंगाने मोकळी हवा लागते. प्रयोगशाळेत सगळे त्याला 'हवेकडची बाजू' म्हणत.

त्या सकाळी आत्याने एका नळीतला कपचा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि तिचा हात थांबला. लव हलत होती. सगळी एका दिशेने, वारा लागलेल्या गवतासारखी. आत्याला मनापासून आनंद झाला. सांगायला जवळ कोणीच नव्हतं, म्हणून तिने पुन्हा एकदा बघितलं, नव्या पाण्याची बाटली उघडली आणि उरलेल्या नळ्यांना खाऊ घालायला घेतलं.

घरी पोचली तेव्हा वहिनी ओट्याशी उभी होती. शेगडीच्या धगीतही तिच्या गळ्याशी स्कार्फ घट्ट बांधलेला होता. फोडणीचा धूर उठला तशी तिला ढास लागली. तिचा खोकला तोंडातून येत नसे, गळ्यातून येई, शिट्टी फाटल्यासारखा. तिने शेगडी बारीक केली, कोपऱ्यातलं कफ ओढायचं यंत्र लावलं, स्कार्फच्या आत हात घालून नळी साफ केली, हात धुतले आणि पुन्हा कढईकडे वळली. हे ती दिवसातून इतक्या वेळा करी की घरात कुणाचं तिकडे लक्षही जात नसे.

वहिनीच्या गळ्याची गोष्ट बाळंतपणापासूनची. बाळ सुखरूप झालं, पण तिची प्रकृती बिघडली आणि श्वासाच्या यंत्राची नळी तिच्या घशात बरेच दिवस राहिली. त्या नळीने तिला जगवलं आणि जाता जाता जखम केली. जखम भरली ती आक्रसत भरली. श्वासनलिका मध्येच चिंचोळी झाली, म्हणून डॉक्टरांनी त्या जागेच्या खाली, गळ्याच्या खळग्यात भोक पाडून आखूड नळी बसवली. श्वास तिथूनच आत जाई आणि तिथूनच बाहेर येई. आवाजाची पेटी वर शाबूत होती, पण तिच्यापर्यंत हवाच पोचत नव्हती.

सुरुवातीला तसं नव्हतं. भोकावर बोट दाबलं की थोडी हवा वर जाई आणि वहिनी बोले. आवाज बारीक, घोगरा, पण आवाज होता. बाळासाठी तिने गुणगुणल्याचंही आत्याला आठवत होतं. मग एकदा पाहुणे आलेले असताना आजी म्हणाली, "चारचौघांत असं गळ्याला बोट लावणं बरं दिसत नाही गं. माणसं बघत राहतात." आजी रागाने बोलली नव्हती, काळजीनेच बोलली होती. दुसऱ्या दिवशी तिने स्वतः जाऊन सुनेसाठी मऊ कापडाचा, छानशा रंगाचा स्कार्फ आणला. त्या स्कार्फच्या आत बोट घालून बोलणं अवघडच होतं. वहिनी हळूहळू बोलेनाशी झाली. चिंचोळी जागा आणखी आक्रसत गेली, आणि पुढे बोट दाबूनही काही येईना.

घराने त्यावर आपली सोय करून घेतली. वहिनी चमच्याने डिश वाजवी. एकदा वाजली की लेकीला हाक, दोनदा वाजली की जेवण तयार, आणि दादाला चहा हवा आहे का हे विचारायचं असेल तर कपाच्या कानाला टिचकी. बाकी सगळं लेक सांगे. ती दुसरीत होती आणि बोलायला लागली तेव्हापासून आईचे ओठ वाचत आली होती. वहिनी ओठ हलवी, पोरगी मोठ्याने बोले. घरात तिला रेडिओ म्हणत. पाहुण्यांसमोर आजी कौतुकाने तिला पुढे करी, "लाव गं तुझी बातमी," आणि सगळे हसत. रेडिओपण हसे.

वाचणाऱ्यांनी या घराला नावं ठेवायची घाई करू नये. इथे कुणी कुणावर हात उगारत नव्हतं, कुणी कुणाला उपाशी ठेवत नव्हतं. दादा बायकोच्या यंत्राची दुरुस्ती स्वतः करी. त्याचं पंखे, मिक्सर दुरुस्त करायचं दुकान होतं आणि त्या यंत्राला त्याने कधी बंद पडू दिलं नाही. आजी सुनेचा कफ बाहेर टाकायला कधी लाजली नाही. फक्त नात्यागोत्यात, शेजारीपाजारी एक गोष्ट पुन्हा पुन्हा बोलली जाई. सून असावी तर अशी. घरात आहे की नाही तेसुद्धा कळत नाही. उलट उत्तर नाही, कुरकुर नाही, ब्र काढत नाही. हे ऐकताना आजीचा चेहरा खुले, आणि इतर घरांतल्या बोलत्या सुनांना ऐकवायला ते वाक्य घेऊन बायका परत जात. सुनेने बोलू नये असं या घरात कुणी ठरवलं नव्हतं. ती बोलत नाही याचं सगळ्यांना बरं वाटत होतं, एवढंच.

ऑपरेशन करता येईल असं गळ्याच्या सर्जनबाईंनी फार पूर्वीच सांगितलं होतं. चिंचोळा तुकडा कापून काढायचा आणि वरचं टोक खालच्या टोकाला जोडायचं. नवीन काही नाही, बऱ्याच लोकांचं करतात. पण पहिल्या वर्षी बाळ लहान होतं. नंतर आजीच्या गुडघ्यांचं दुखणं निघालं. नंतर दुकानात माणूस टिकेना. ती हॉस्पिटलात पडली तर घराचं कोण बघणार, हा प्रश्न दर वेळी निघे आणि त्याचं उत्तर वहिनीच जेवण वाढत असताना शोधलं जाई.

आणि मग पेपरात आत्याचा फोटो आला. संस्थेने बातमी दिली होती, श्वासनलिका आता प्रयोगशाळेत वाढणार. पांढरा कोट घातलेली आत्या हातात नळी धरून उभी होती. दादाने कात्रणाला प्लास्टिकचं आवरण घालून ते दुकानात लावलं, दुसरं घरात जेवणाच्या टेबलावरच्या भिंतीला. जेवताना त्याने विचारलं, माणसात बसवायला किती वेळ लागेल. आत्या खुशीत होती. म्हणाली, अजून काही वर्षं. प्रयोगशाळेत 'काही वर्षं' म्हटलं की ऐकणारा उसासा टाकतो. जेवणाच्या टेबलावर त्याच शब्दांनी सगळ्यांना हायसं वाटलं. घरचंच माणूस नळी करतंय म्हटल्यावर कापाकापी कशाला, असं आजी म्हणाली, आणि थांबण्याला आता चांगलं, अभिमानाचं कारण मिळालं.

सोमवारी वहिनीची तपासणी होती. दादा, वहिनी, रेडिओ आणि आत्या असे चौघे गेले. वेटिंगमधल्या खुर्च्या कडक होत्या आणि नंबर काही केल्या येत नव्हता. आत्याला बसल्या बसल्या डुलकी लागली. उठवलं ते रेडिओने.

सर्जनबाईंनी दुर्बिणीने आत बघितलं आणि पडद्यावरचं चित्र सगळ्यांना दाखवलं. त्याही दमलेल्या दिसत होत्या. चिंचोळा भाग मागच्या वेळेपेक्षा लांबला होता. कापून काढायचा तुकडा जितका लांब, तितकी दोन टोकं एकमेकांपासून दूर, आणि एका मर्यादेपलीकडे ती ओढून जोडता येत नाहीत.

"आज जोडता येतंय," त्या म्हणाल्या. "पुढच्या खेपेला मी हे म्हणू शकेन असं नाही. मग जन्मभर ही गळ्यातली नळीच."

दादाने घसा साफ केला. त्याने बहिणीकडे हात केला आणि जरा ऐटीतच सांगितलं की काळजीचं कारण नाही, त्यांच्या घरातच नवी श्वासनलिका तयार होते आहे, पेपरातसुद्धा आलंय. सर्जनबाईंनी आत्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, त्या नुसत्या उत्तराची वाट बघत होत्या. आत्याने वहिनीकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं, आणि आमच्या सरांशी बोलते म्हणाली. आपण हे काय बोललो असं तिला लगेच वाटलं, पण शब्द तोंडातून गेले होते.

मग सर्जनबाई वहिनीकडे वळल्या. "तुम्हाला काय वाटतं? सही तुमची लागते, यांची नाही." वहिनीचे ओठ हलले. रेडिओ खुर्चीच्या कडेवर येऊन म्हणाली, "आई म्हणते, बाबा म्हणतील तसं." सर्जनबाईंनी पेन खाली ठेवलं. वहिनी लेकीकडे बघत राहिली, आणि मग तिने स्कार्फची गाठ नीट केली.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत आत्याने लव फुटलेली ती नळी चाचणीच्या यंत्राला लावली. यंत्र माणसासारखा श्वास घेतं. हवा ओढतं, सोडतं. संथ श्वासाला नळी छान टिकली. धावणाऱ्या माणसासारखा जोरात श्वास ओढायला लावला तेव्हा ती मधोमध बसली, ओल्या कागदाच्या पुंगळीसारखी. आत लव जिवंत होती, पण बाहेरची कूर्चा अजून लेचीपेची होती. सर येऊन शेजारी उभे राहिले. दोघांनी तिच्याकडे बराच वेळ बघितलं. असं त्यांच्यासमोर पुष्कळदा झालं होतं, त्यामुळे कुणाला धक्का बसला नाही, नुसता थकवा आला.

आत्याने सरांना घरची हकीकत सांगितली. सर चष्मा पुसत ऐकत होते. म्हणाले, या नळीने माणूस श्वास घेईल, पण तो माणूस कदाचित आज रेडिओच्या वयाचा असेल आणि तेव्हा म्हातारा झालेला असेल. कदाचित तेव्हाही नाही. "आपण हे ज्यांना दुसरा इलाज नाही त्यांच्यासाठी करतोय. तुझ्या वहिनीला इलाज आहे. तिला आपल्या रांगेत कशाला उभी करतेस?"

मी केली नाही, असं आत्याच्या ओठांवर आलं होतं. पण डोळ्यांसमोर भिंतीवरचं कात्रण आलं. कात्रणातला चेहरा तिचाच होता.

त्या संध्याकाळी शेजारच्या काकू चहाला आल्या होत्या. आल्या आल्याच सुरू झाल्या. त्यांची सून एक शब्द खाली पडू देत नाही, काल मिठावरून बोलली, आज पंख्यावरून. "तुमचं बाई नशीब," त्या आजीला म्हणाल्या, आणि आजीने नेहमीसारखं मान हलवून ते स्वीकारलं. वहिनीने कप आणून ठेवले. काकूंनी विचारलं, बरी आहेस ना. हॉस्पिटलपासून आत्याला वहिनीच्या ओठांकडे बघायची खोड लागली होती. ओठ थोडेसेच हलले.

"आई म्हणते, मजेत आहे," रेडिओ म्हणाली.

काकू गेल्यावर आत्या कपडे काढायला गॅलरीत गेली आणि रेडिओला चिमटे धरायला सोबत नेलं. वाळलेल्या चादरीची घडी घालता घालता तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, आई मघाशी काय म्हणाली. रेडिओने एक चिमटा उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

"दमलेय म्हणाली."

"मग तू वेगळं का सांगितलंस?"

"खरं सांगितलं की आजी जेवत नाही. मग बाबा आईवर चिडतात." पोरगी चिमट्याकडेच बघत होती. "म्हणून मी चांगलं चांगलं सांगते. चांगलं सांगितलं की सगळे हसतात."

आत्याने चादर तशीच कठड्यावर टाकली. "आणि डॉक्टरांकडे? तेव्हा आई काय म्हणाली होती?"

"लवकर करा, म्हणाली होती," रेडिओ म्हणाली. आणि मग, मोठ्या माणसाच्या सावधपणाने, "तू आजीला सांगणार नाहीस ना?"

सात वर्षांच्या पोरीने एका बाईचं सगळं म्हणणं रोज गाळून, पाखडून, घराला पचेल एवढंच पुढे वाढलं होतं. ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. घरात कशाने शांतता राहते हे मुलांना आपोआप कळतं, आणि मुलगी असेल तर जरा लवकरच कळतं. आत्याला स्वतःची लाज वाटली. पेशींना हवेकडची बाजू मिळावी म्हणून ती रविवार घालवत होती, आणि घरात मऊ कापडाखाली एक बाई झाकलेली होती. पोटभर जेवणारी, धडधाकट दिसणारी, कुणाच्या डोळ्यांवर न येणारी. हे रोज समोर असूनही तिला दिसलं नव्हतं.

जेवायला बसल्यावर तिने भिंतीवरचं कात्रण काढलं आणि ताटाशेजारी पालथं ठेवलं. दादाने विचारलं, हे काय.

"ही नळी वहिनीच्या गळ्यात जाणार नाही," आत्या म्हणाली. "आज नाही, पुढच्या वर्षी नाही, दहा वर्षांनीही नाही. आजच नळी यंत्राला लावली तर मधोमध बसली. तिथे वहिनी असती तर गुदमरली असती."

"अगं, पण पेपरात आलंय," दादा म्हणाला.

"पेपरात नळी वाढतेय असं आलंय. ती घरच्यांना बसवून मिळेल असं आलेलं नाही. दादा, माझ्या नावावर तिला थांबवू नकोस. मी या थांबण्यात नाही."

दादा ताटाकडे बघू लागला. तो वाईट माणूस नव्हता, फक्त कुठलीही गोष्ट आपोआप निभावली तर बरं, अशा स्वभावाचा होता. आजीचा मात्र हात थांबला. ती म्हणाली की ऑपरेशनात काही कमीजास्त झालं तर पोरीचं कसं, घराचं कसं, आपले गुडघे हे असे. हे सगळं खरंच होतं. मग तिचा आवाज चढला आणि आतलं बाहेर आलं.

"इतकी वर्षं घर शांत चाललंय. तेच तुला बघवत नाही का?"

"आई, हे शांत घर नाही," आत्या म्हणाली. "एका माणसाला हवा पोचत नाहीये, म्हणून तुला तसं वाटतं."

आजीने ताट पुढे सरकवलं. रेडिओ घाबरून आईकडे बघू लागली, कारण आता तिच्या कामाची वेळ आली होती. तेवढ्यात डिश वाजली. एकदा नाही, दोनदा नाही. वहिनी ओट्याशी उभी राहून चमच्याने डिश वाजवतच होती, आणि अशा वाजण्याला घरात काही अर्थ ठरलेला नव्हता. सगळे तिच्याकडे वळेपर्यंत ती थांबली नाही.

मग तिने स्कार्फची गाठ सोडली. जेवणाच्या टेबलासमोर, सगळ्यांदेखत. गळ्यातली पांढरी नळी, तिच्या कडेची लाल झालेली कातडी, कापडाखालच्या घामाने उठलेलं पुरळ, सगळं दिसलं. दादाने यंत्र इतक्या वेळा उघडलं होतं, पण तिच्या गळ्याकडे इतकं नीट बहुधा बघितलं नव्हतं. रेडिओ पुढे धावली, पण वहिनीने तिच्या डोक्यावर हात ठेवून तिला बाजूला घेतलं आणि आत्यासमोर येऊन उभी राहिली. सावकाश, एकेक शब्द ओठांनी स्पष्ट करत तिने सांगितलं. आत्या या कामात नवखी होती. तिने पुन्हा विचारलं, आणि वहिनीने पुन्हा सांगितलं.

"वहिनी म्हणतेय, सही मी करणार," आत्या म्हणाली.

"हो, असंच म्हणाली," रेडिओने हळूच सांगितलं.

आजी त्या दिवशी जेवली नाही. वहिनीने तिचं ताट झाकून ठेवलं, स्वतः बसून जेवली, आणि उठून यंत्र लावलं.

ऑपरेशन झालं. चिंचोळा तुकडा निघाला आणि दोन टोकं जुळली, पण जोड ताणला जाऊ नये म्हणून सर्जनबाईंनी हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये जाड दोऱ्याचा टाका घातला होता. डोकं खाली वाकलेलंच ठेवायचं, मान वर करायची नाही, बोलायचा प्रयत्नसुद्धा करायचा नाही. इतकी वर्षं खाली घातलेली मान आता दोऱ्याने बांधली होती. पण वहिनीच्या डोळ्यांत कुरकुर नव्हती. हा टाका कापण्यासाठी घातलेला आहे हे तिला ठाऊक होतं.

घरी दादाचे हाल चालले होते. भात करपला, दूध उतू गेलं, दुकान उशिरा उघडलं. रेडिओ कपाच्या कानाला टिचकी मारून बापाला चहा विचारी आणि मग चहा करायला कुणी नाही हे दोघांच्याही लक्षात येई. आत्या प्रयोगशाळेतून हॉस्पिटलात आणि तिथून घरी अशी फिरत होती, आणि कुठेही टेकली की तिचे डोळे मिटत. दुकानातलं कात्रण दादाने स्वतःच उतरवलं.

टाका कापायच्या दिवशी आजी आली. एवढे दिवस तिने गुडघ्यांचं निमित्त केलं होतं. जिना चढून आल्यामुळे तिला धाप लागली होती आणि ती दारातच भिंतीला धरून उभी राहिली. नर्सने दोरा कापला. वहिनीने मान लगेच उचलली नाही. सवय मोडल्यासारखी थोडी थोडी वर केली, आधी पलंगाच्या पायांपर्यंत, मग खिडकीपर्यंत, मग समोरच्या माणसांच्या चेहऱ्यांपर्यंत. गळ्याच्या खळग्यावर नुसती पट्टी होती. श्वास नाकातून येत-जात होता आणि त्याचा आवाज होत नव्हता. सर्जनबाई म्हणाल्या, आता बोललात तरी चालेल, पण बेताने.

आजी दोन पावलं पुढे आली. सुनेच्या उघड्या गळ्याकडे तिचं लक्ष गेलं, तिचा हात सवयीने स्कार्फ शोधायला उशीकडे गेला, आणि मग तिने तो मागे घेतला.

"कशी आहेस गं?" तिने विचारलं.

वहिनीचे ओठ हलले. आवाज यायला वेळ लागला, आणि तेवढ्यात रेडिओ सवयीने पुढे झाली. "आई म्हणते, मी अगदी बरी आहे, काही काळजी..."

"असं नाही म्हटलं मी," वहिनी म्हणाली.

आवाज खरखरीत होता, गंजलेली कडी सरकावी तसा. पण शब्द स्पष्ट होते. रेडिओ तोंड उघडं ठेवून आईकडे बघत राहिली. ती दुसरीत होती आणि आईचं पूर्ण वाक्य तिने कळत्या वयात पहिल्यांदाच कानांनी ऐकलं होतं.

"मी दमलेय," वहिनी म्हणाली. मध्ये थांबून तिने श्वास घेतला. "फार वर्षं झाली, दमलेय. आणि मला खूप सांगायचंय. बसा, आई."

आजी उभीच राहिली. दाराकडे एकदा बघून झालं, आत्याकडे एकदा बघून झालं. तिच्या घरात तिला बसा म्हणून कुणी काही ऐकवलं नव्हतं, आणि जायला निमित्त तर हाताशी होतंच, गुडघे होते. मग तिने भिंतीशी असलेलं स्टूल ओढलं, पलंगाजवळ आणलं आणि त्यावर बसली. दादाही पायाशी येऊन टेकला.

वहिनी बोलू लागली. रेडिओला करायला काही काम उरलं नव्हतं. ती पलंगाच्या कडेला चढून बसली आणि पाय हलवत आईचं बोलणं ऐकू लागली.